पेसो आणि रेआलचा जुना दर जुळवताना: माझा अनुभव

एम.ए.च्या प्रबंधासाठी मला अर्जेंटिनाचा पेसो आणि ब्राझीलचा रेआल यांच्यातला विनिमय दर हवा होता, 1985 ते 2023 पर्यंतचा. विषय होता या दोन शेजाऱ्यांमधला व्यापार. आमचं घर लातूरचं. सोयाबीनचा भाव पडला की वडील हमखास अर्जेंटिना-ब्राझीलहून येणाऱ्या तेलाचा विषय काढायचे, त्यामुळे ही दोन नावं लहानपणापासून कानावरची. दराचं काम दोन दिवसांत उरकेल असं मी धरून चालले होते. तीन महिने लागले.

सुरुवातीला एका संकेतस्थळावरून तयार आकडे उतरवून घेतले. मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हा दर कुठल्या बाजारातला?" मला उत्तर देता येईना. पेसो देऊन थेट रेआल घ्यायचा असा मोठा बाजार नाहीच. दोन्हींची किंमत डॉलरमध्ये ठरते आणि त्यांचा आपसातला दर भागाकाराने काढावा लागतो. मग मी दोन्ही मध्यवर्ती बँकांकडे वळले. ब्राझीलचा 'पीटाक्स' नावाचा रोजचा सरासरी दर आहे. अर्जेंटिनाचा संदर्भ दर 'ए 3500' या परिपत्रकाच्या नावाने ओळखला जातो, पण तो 2002 पासूनचा. त्याआधीची दहा-अकरा वर्षं सोपी होती, कारण एप्रिल 1991च्या कायद्याने अर्जेंटिनाचं चलन डॉलरला बांधलेलं होतं, पेसो आल्यावर एकास एक.

ब्राझीलची फाइल उघडली तर 2001 अखेरचा डॉलर 23204 रेआलला! तिकडे दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. 2,3204 म्हणजे आपल्या लेखी 2.3204. माझ्या संगणकाने तो स्वल्पविराम हजाराचा समजून गिळून टाकला होता. हे कुणाला करायचं असेल तर आधी ही मांडणी बदलून घ्या, मगच पुढे जा.

खरी दमछाक झाली चलनांच्या नावांत. 1985 मध्ये ब्राझीलमध्ये क्रुझेरो होता. 1986 मध्ये तीन शून्यं कापून क्रुझादो आला, 1989 मध्ये आणखी तीन कापून नवा क्रुझादो. 1990 मध्ये शून्यं तशीच ठेवून नाव पुन्हा क्रुझेरो केलं. 1993 मध्ये परत तीन शून्यं गेली आणि क्रुझेरो रेआल आला, आणि 1 जुलै 1994 ला 2750 क्रुझेरो रेआलचा एक रेआल झाला. मी 1985चा आणि 1991चा क्रुझेरो एकच समजले. आलेखात मार्च 1990 पाशी सरळ कडाच दिसला, दहा लाख पटींचा. दोन दिवस मी तो खरोखरचा आर्थिक धक्का समजून त्याची कारणं शोधत होते. गुणाकार नीट केल्यावर कळलं, 1985चे 2.75 लाख कोटी क्रुझेरो म्हणजे आजचा एक रेआल. अर्जेंटिनात जून 1985 मध्ये ऑस्ट्राल आला आणि 1992 मध्ये पेसो, तिथे जून 1985 आधीचे एक कोटी जुने पेसो म्हणजे आजचा एक पेसो. मागचा पगार, मागची बचत, दुकानातल्या पाट्या हे सगळं लोकांनी दर दोन-तीन वर्षांनी कसं मनात बदलून घेतलं असेल, याचा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना.

1994च्या जुलैत एक रेआल, एक डॉलर आणि एक पेसो जवळपास सारखे होते. 2003च्या अखेरीसही पेसो आणि रेआल जवळपास बरोबरीत. नुसत्या या दोन टोकांकडे पाहिलं तर वाटेल, नऊ वर्षांत काही घडलंच नाही. मधे जानेवारी 1999 मध्ये ब्राझीलने रेआलचा दर बाजारावर मोकळा सोडला. 1.21 रेआलचा डॉलर महिनाअखेर दोनच्या जवळ गेला. पेसो मात्र डॉलरला बांधलेलाच, त्यामुळे अर्जेंटिनाचा माल ब्राझीलमध्ये एकाएकी महाग झाला आणि अर्जेंटिनातल्या कारखान्यांचं कंबरडं मोडलं. 2001 अखेर कागदावर एका पेसोला 2.32 रेआल मिळत होते. 2002 मध्ये पेसोही डॉलरपासून सुटून घसरला. 2003च्या अखेरीस डॉलर दोन्हीकडे 2.9च्या आसपास होता, म्हणून ती बरोबरी. तेव्हापासून मी भागाकाराच्या शेजारी दोन्ही डॉलर-दर ठेवल्याशिवाय तक्ता पुढे नेला नाही.

2011 नंतर दुसरी अडचण आली. अर्जेंटिनात डॉलर घेण्यावर निर्बंध होते, त्यामुळे अधिकृत दर एक आणि रस्त्यावरचा 'ब्लू' दर दुसरा. 2015च्या डिसेंबरात निर्बंध उठले, 2019 मध्ये परत आले. 13 डिसेंबर 2023 ला अधिकृत डॉलर सुमारे 366 पेसोंवरून 800 वर नेला, म्हणजे रेआल एका रात्रीत साधारण 74 वरून 160 पेसोंवर. ब्लू डॉलर तेव्हा हजाराच्या आसपास होता. व्यापाराची बिलं अधिकृत दराने होतात म्हणून मुख्य तक्त्यात मी तोच घेतला आणि ब्लूचा स्तंभ वेगळा ठेवला. ऑक्टोबर 2008 पासून दोन्ही मध्यवर्ती बँकांची स्थानिक चलनात व्यवहार मिटवण्याची एक पद्धत आहे, तिचा पेसो-रेआल दर रोज जाहीर होतो. माझे आकडे त्याच्याशी ताडून पाहिले. जुळले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

एक जागा मात्र भरली नाही. डिसेंबर 2001च्या तिसऱ्या आठवड्यानंतर अर्जेंटिनाचा चलनबाजार बंद होता. बँकांतून आठवड्याला 250 पेसोच काढता येत होते, राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला होता, लोक पातेली वाजवत रस्त्यावर आले होते. बाजार उघडला 11 जानेवारी 2002 ला. तयार आकड्यांत त्या दिवसांसाठी जुनाच एकास एक दर ओढून दाखवला होता, आणि मॅडमही म्हणाल्या की दोन बिंदू रेषेने जोडले तरी चालेल. मी नको म्हटलं. त्या तीन आठवड्यांत पेसोला दर नव्हता. छापील प्रबंधात रेषा तिथे तुटलेली आहे आणि खाली लिहिलंय, 'बाजार बंद'.