लोणारचा हिरवा काही कागदावर उतरेना

जालन्याहून मंठामार्गे एसटीने लोणारला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. उल्का आदळून झालेल्या विवराच्या काठावरून तळाच्या सरोवराचं पाणी गडद हिरवं दिसत होतं. सोबतची मैत्रीण चित्रकार. तिने तिथेच बसकण मारून रंग काढले. आधी शेवाळी झाला, मग पोपटी. वैतागून म्हणाली, "हा रंग पाण्याचा वाटतच नाही." खरंच होतं ते!

खाली उतरलो. सरोवर जवळ आलं की आधी नाकाला कळतं, सडक्या अंड्याचा वास येतो. पाणी खारं आणि सोड्याचं, सामू (pH) १० च्या आसपास. अशा पाण्यात स्पिरुलिना हे नील-हरित शैवाल मात्र फोफावतं. वनरक्षकांना विचारून एक थेंब फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काकडीच्या वेलीच्या ताण्यांसारखी इवलीशी हिरवी वेटोळी! मैत्रिणीने रंग बाजूला ठेवून पेन्सिलीने वहीचं पान त्या वेटोळ्यांनी भरून टाकलं.

असले जीव मरून तळाच्या गाळात जातात. त्या गाळाचा सुमारे १० मीटर लांबीचा नमुना शास्त्रज्ञांनी काढला होता. त्यात अंदाजे ११,००० वर्षांच्या पावसाची नोंद सापडली. दुष्काळाच्या काळात पाणी आटून बनलेले गेलुसाइट या खनिजाचे स्फटिकही त्यात होते. आमच्या तलाठ्याकडेही इतकं जुनं दप्तर नसेल.

संध्याकाळी गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहिलं. विष्णूने लोणासुराला मारलं, हे पाणी म्हणजे त्याचं रक्त, अशी कथा. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं, ते खारट पाण्यातल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे. पूर्वजांनीही गुलाबी पाणी पाहिलं असेल, असं काही मी म्हणणार नाही. पण मंदिराच्या छतावरचं कोरीवकाम बघताना तो विचार डोक्यातून जाईना. मान अवघडेपर्यंत बघा, घाई करू नका.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पकड असलेले बूट घाला, प्यायचं पाणी वरूनच न्या. पाणी वाढलं की काठावरच्या कमळजादेवीच्या मंदिरापर्यंतची वाट बुडते, आधी चौकशी करा. हे अभयारण्य आहे: बाटलीत पाणी भरून आणू नका, दगड उचलू नका, अंधाराआधी वर या. आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. मेहकरपर्यंत कांद्याच्या टेंपोत बसून आलो.