फोकस नीटच होता

फिल्म सोसायटीत डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायर यांचा रक्तपिपासू पिशाच्चाचा सिनेमा 'वाम्पीर' (1932) मी दाखवत होतो आणि प्रोजेक्शन रूमच्या दारावर थाप पडली. "अहो, फोकस करा की! सगळं धुरकट दिसतंय."

फोकस नीटच होता. या सिनेमात तो चेहऱ्यांवरून जमवायला जाऊच नये. कॅमेरामन रुडॉल्फ माते यांनी कॅमेऱ्यापुढे सुमारे तीन फुटांवर झिरझिरीत कापड धरून शूटिंग केलं. त्यामुळे चेहरे, झाडं, वाटा करड्या धुक्यात विरघळतात. चेहरा बघून लेन्स फिरवत बसलात तर शेवटपर्यंत फिरवतच राहाल. आधी टेस्ट पॅटर्न, म्हणजे फोकस तपासायचं रेघांचं चित्र, लावायचा, पडद्याचा मध्य आणि चारही कोपरे तपासायचे. मग सिनेमातली पुस्तकाची छापील पानं लावून बघायची. अक्षरांच्या कडा धारदार दिसल्या की लेन्सला हात लावायचा नाही, कोणी कितीही दार वाजवो.

खरी वादावादी त्याआधीच झाली होती, चौकटीवरून. सुरुवातीच्या बोलपटांत फिल्मच्या कडेला ध्वनिपट्टी आली, तिनं रुंदी खाल्ली आणि चित्र जवळजवळ चौरस उरलं: रुंदी उंचीच्या 1.19 पट. डीसीपीच्या, म्हणजे थिएटरात चालणाऱ्या डिजिटल प्रतीच्या, 'फ्लॅट' नावाच्या 1998 बाय 1080 पिक्सेलच्या चौकटीत हे चित्र साधारण 1285 पिक्सेल रुंद बसतं, दोन्ही बाजू काळ्या. आयोजकांना पडदा भरलेला हवा होता. झूम करून भरला तर उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग जातो. शवपेटीत निजलेल्या माणसाच्या डोळ्यांनी वर बघणारे ते शॉट कापायचे? मी साफ नकार दिला आणि पडद्याच्या बाजूचं काळं कापड (मास्किंग) आत ओढून घेतलं. पडदा भरला म्हणजे पैसे वसूल, हा समज सोसायट्या चालवणाऱ्यांनी तरी सोडायला हवा.

आवाजाचीही तक्रार आली. चित्रण मूकपटासारखं झालं, मोजके संवाद मागाहून बर्लिनमध्ये भरले. ओठ मागेपुढे होतात ते त्यामुळे, सिंक बिघडल्यामुळे नव्हे. फेडर, म्हणजे आवाजाची कळ, चढवली तर खरखर तेवढी चढते.

काहीजण मध्येच उठून गेले. 6 मे 1932 ला बर्लिनमधल्या पहिल्या खेळाला तर लोकांनी हुर्यो केली होती. त्याआधी सेन्सॉरनं पिशाच्चाच्या छातीत खुंटी ठोकण्याचा आणि गिरणीत पिठाखाली डॉक्टर गुदमरण्याचा भाग छाटायला लावला होता. ड्रायरना पुढचा कथापट 1943 मध्ये मिळाला! उठून जाणाऱ्यांवर माझा राग नाही. पत्रकात 'थरारक भयपट' असं छापणाऱ्यांवर आहे. दचकायला आलेल्या माणसाला इथे दीड तासाच्या आत संपणारं एक संथ दुःस्वप्न मिळतं, आणि ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

पुढच्या वेळी खेळाआधी कापडाचं सांगून टाका, असं सगळे म्हणतात. मला अजून पटलेलं नाही. ज्याला कापड माहीत आहे तो कापडच बघत बसतो, भीती त्याच्यापर्यंत पोचतच नाही. चौकटीचं आणि ओठांचं सांगायला माझी हरकत नाही, त्यानं सिनेमाचं काही बिघडत नाही.