"ऊन लागलंय ना? मग हृदयाचा एमआरआय कशाला?"

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. हृदयाचा एमआरआय करायचा असेल तर फोनवर "हार्टचा एमआरआय होतो का?" असं विचारू नका. नुसत्या "हो"ला काही अर्थ नसतो. "कार्डियाक एमआरआय, कॉन्ट्रास्टसकट, करणारे टेक्निशियन कुठल्या वारी येतात आणि रिपोर्ट कोण वाचतं?" असं विचारा. (कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध.) एप्रिलमध्ये मला उष्माघात झाला आणि त्यानंतर हृदयाचा एमआरआय करायची वेळ आली. हे मला मे महिन्यात माहीत असतं तर तीन हेलपाटे वाचले असते आणि एका रिसेप्शनसमोर जो तमाशा झाला तो झाला नसता.

मी ४३ वर्षांचा. नाशकात अंबडला एका कंपनीत हीट ट्रीटमेंटला आहे, म्हणजे निम्मं आयुष्य भट्टीशेजारी गेलंय. ऊन आपलं काय वाकडं करणार, ही घमेंड त्यामुळे होतीच. मार्च एंडिंगच्या गडबडीत तीन आठवडे धावणं बंद होतं. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी ग्रुपबरोबर गंगापूर धरणाच्या दिशेनं लांब पल्ल्याला निघालो. सहाला निघायचं ते एकाची गाडी पंक्चर झाली म्हणून सव्वासातला निघालो. आदल्या रात्री सर्दीची गोळी घेतली होती. तसल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, हे नंतर कळलं. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि भट्टीजवळ उभं राहण्याची सवय धावताना फारशी कामी येत नाही, हेही नंतरच कळलं. धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश नुसती उष्णता होते. म्हणजे भट्टी बाहेर नव्हतीच, मीच होतो.

परतताना सोमेश्वरच्या अलीकडे मी रस्ता सोडून शेताकडे वळलो म्हणे, आणि आमच्या ग्रुपमधल्या सरांना "सेकंड शिफ्टवाले आले का?" असं विचारलं. मला यातलं काहीही आठवत नाही. सर देवळालीला तोफखान्यात होते, निवृत्त आहेत. बाकीचे गाडी काढायला धावत होते तेव्हा त्यांनी सगळ्यांना थांबवलं, "आधी गार करा, मग हलवा." समोर रसवंती होती. तिथल्या काकांनी गोणपाटातली बर्फाची लादी काढून फोडली. माझ्या मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावला आणि तेच ओलं गोणपाट अंगावर टाकून वरून बादल्यांनी पाणी ओतलं. डॉक्टर पुढे म्हणाले की त्या पंधरा मिनिटांनी माझं बरंच काही वाचवलं. काकांना लादीचे पैसे द्यायला गेलो तर घेईनात, उलट उसाचा रस पाजला.

हॉस्पिटलात कपाळाला लावायच्या थर्मामीटरवर १००.८ आलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी त्यावर विश्वास न ठेवता गुदद्वारातून मोजलं, तेव्हा १०५.६ फॅरनहाइट. माणूस तोच, मिनिटभराचं अंतर. ऐकायला लाजिरवाणं वाटतं, पण तेच खरं माप.

आयसीयूचे दिवस मी गाळतो. तिथे सगळं नीट झालं आणि नीट झालेल्यावर लिहायला काही नसतं. रिपोर्टपुरतं सांगतो: लघवी कोका-कोलासारखी काळपट, सीपीके (स्नायूंना इजा झाल्याची खूण) हजारांत, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) २.१, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याची खूण) वाढलेलं. ट्रोपोनिन वाढलं म्हणताच बायको बिचारी भिंतीला टेकली, कारण तिच्या वडलांच्या वेळी तो शब्द ऐकलेला. पण कार्डिऑलॉजिस्ट मॅडमनी शांतपणे समजावलं. हार्ट अटॅकमध्ये साधारणपणे बंद पडलेल्या नळीच्या हद्दीतला भाग लंगडतो. माझ्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, एखादा भाग नाही, सगळाच पंप मंदावला होता, ईएफ, म्हणजे पंपिंगची ताकद, ४० टक्के. उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे धावतं, घामानं ते कमीही होतं, हृदय कमी भरतं आणि जास्त पळतं, वर तापलेल्या स्नायूवर थेट मारही बसतो. पाचव्या दिवशी ईएफ ५० झाला, सहाव्या दिवशी घरी.

तीन आठवड्यांनी पुन्हा इको केला. ईएफ ५८. मी पेढे आणायच्या तयारीत. मॅडम मात्र स्क्रीनवरून नजर काढेनात. स्ट्रेन वजा १५ होता, तो वजा २०च्या आसपास हवा. ईएफ म्हणजे भरलेल्या रक्तातलं किती बाहेर ढकललं, आणि स्ट्रेन म्हणजे स्नायू स्वतः लांबीला किती आखडला. गाडी चालतेय, पण इंजिन अजून पूर्ण ओढत नाहीये, असं मी समजून घेतलं. "आत सूज उरलीय की वण पडलाय, हे इको सांगणार नाही. एमआरआय सांगेल," मॅडम म्हणाल्या. सूज असेल तर ती जाईपर्यंत काही महिने धावणं बंद. वण असेल तर ठोके बिघडण्याची भीती. आणि कंपनीच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, भट्टीवर परतायचं तर कार्डिऑलॉजिस्टचं लेखी आणा.

इथून खरी शर्यत सुरू झाली.

सात ठिकाणी फोन केले. गुडघ्याचा, कमरेचा, डोक्याचा एमआरआय नाशकात गल्लोगल्ली होतो. हृदयाचं तसं नाही, कारण ते हलतं. छातीला ईसीजीचे इलेक्ट्रोड लावून ठोक्याच्या तालावर चित्रं घ्यावी लागतात. त्याचं सॉफ्टवेअर, ते चालवणारा माणूस आणि नंतर वाचणारा डॉक्टर, तिन्ही एका जागी लागतात. दोघांनी हो म्हटलं. त्यातलं जवळचं निवडलं, ॲडव्हान्सही ऑनलाइन भरला. हीच चूक. पैसे अडकले की माणूसही तिथेच अडकतो.

पहिली खेप. काउंटरवरच्या मुलीनं माझं नाव शोधलं, "चेस्ट एमआरआय, वीस मिनिटं." मी म्हटलं, चेस्ट नाही, कार्डियाक, तास लागेल. ती म्हणाली, "काका, हार्ट चेस्टमध्येच असतं ना?" काका! बरं, ते सोडा. तिनं फॉर्म पुढे केला. आजाराच्या जागी चौकोन होते: छातीत दुखणे, बीपी, शुगर, हार्ट अटॅक, स्टेंट. मी म्हटलं, यातलं काही नाही, उष्माघात. तिनं पेन खाली ठेवलं. "ऊन लागलंय ना? मग हृदयाचा कशाला? डोक्याचा असेल." चिठ्ठी दाखवली, मॅडमच्या असिस्टंटला फोन लावून दिला. शेवटी तिनं "अदर"वर खूण केली. पण तासाची जागा त्या दिवशी नव्हतीच. पुढची तारीख दहा दिवसांनी.

दुसरी खेप. जागा होती, फॉर्म होता, चार तासांचा उपासही झाला होता. तेव्हा विचारलं, "क्रिएटिनिन?" मी डिस्चार्जच्या दिवशीचा काढला, १.६. "जुना आहे, ताजा लागेल." बरोबरच आहे, त्यावर माझा राग नाही. कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी फारच अशक्त असेल तर ते शरीरात रेंगाळतं आणि त्वचा आतून कडक होण्याचा दुर्मीळ पण वाईट आजार होऊ शकतो. उष्माघातात किडनीला मार बसलेलाच असतो, म्हणजे हा प्रश्न माझ्यासारख्याला पहिल्या फोनलाच विचारायला हवा होता. राग त्याचा आहे. शेजारच्या लॅबमध्ये रक्त दिलं, रिपोर्ट संध्याकाळी आला, १.२. तोवर माझी जागा दुसऱ्या कुणाच्या तरी गुडघ्याला गेली होती.

इकडे दुसरंच घड्याळ चाललं होतं. आमच्या कंपनीच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतच्या तपासण्या मिळतात. तुमच्यात कमीजास्त असतील, कागद काढून बघा. अगदी पहिल्या दिवशी बघा, मी चाळिसाव्या दिवशी बघितला. टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्यांना, मेल टाकला तर उत्तर आलं, मूळ आजार उष्माघात असल्यानं हृदयाच्या एमआरआयचा संबंध स्पष्ट करावा. म्हणजे काउंटरवरची मुलगी आणि विमावाले, दोघांचं एकमत! यावर एक उपाय चालला. मॅडमकडून लेटरहेडवर दोन ओळी घेतल्या, की याच आजारात ट्रोपोनिन वाढलं होतं व पंपिंग घटलं होतं आणि ही तपासणी त्याच्याच पाठपुराव्याची आहे. सोबत डिस्चार्ज कार्डावरची इकोची ओळ मार्करनं पिवळी करून पाठवली. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर अशी ओळ नसेल तर घरी जायच्या आधीच ती लिहून घ्या. नंतर हॉस्पिटलात तो कागद बदलून घेणं म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलून घेण्याइतकं सोपं असतं.

तिसरी खेप, मंगळवार. या वेळी सगळं होतं. गाऊन घातला, हातात सुई टोचली, बायकोच्या ओंजळीत माझं घड्याळ, अंगठी, करदोटा. आणि आतून टेक्निशियन आला, फॉर्म बघितला, म्हणाला, "कार्डियाक? ते सर गुरुवारी येतात."

"मग आजची तारीख कुणी दिली?"

"काउंटरनं दिली असेल."

काउंटर म्हणालं, सिस्टिमनं दिली. सिस्टिमला भेटायची सोय नव्हती. माझा आवाज चढला. मागून उघडा गाऊन, एका हातानं तो धरलेला, दुसऱ्या हातात सुई, आणि मी तिथल्या वीस लोकांसमोर साठ दिवसांचा हिशोब मांडतोय. बायकोनं नुसतं माझ्या मनगटावर बोट ठेवलं, नाडी बघतात तसं, आणि म्हणाली, "एकशे दहाच्या पुढे गेलीय, बसा." बसलो. मॅनेजर आले, पाणी आलं. गुरुवारची सकाळी आठची जागा कागदावर सही-शिक्क्यानिशी मागून घेतली. तोंडी वेळेवर विश्वास ठेवायचे दिवस माझ्यापुरते संपले होते.

गुरुवार, डिस्चार्जपासून चौपन्नावा दिवस. "कार्डियाकवाले सर" पंचविशीचा मुलगा निघाला, आणि कामात इतका चोख की मागचे तीन हेलपाटे काही वेळ विसरलो. छातीवरच्या केसांमुळे इलेक्ट्रोड चिकटेनात, तर त्यानं कोरडंच रेझर फिरवलं. तुम्ही घरून करून जा. मग हेडफोन, हातात दाबायचा रबरी फुगा, छातीवर जड पट्टा आणि बोगदा. आवाज यायचा, "श्वास घ्या, सोडा, आता थांबवा." हवा बाहेर सोडून थांबायचं असतं, ते मला आधी माहीत नव्हतं आणि त्यात माझी दमछाक झाली. दहा-पंधरा सेकंद, पुन्हा, पुन्हा, चाळीसेक वेळा तरी. आदल्या दिवशी घरी पंख्याखाली पडून याचा सराव केला तर फार सोपं जाईल. श्वास मधेच सुटला की ते चित्र परत घ्यावं लागतं. शेवटाकडे कॉन्ट्रास्ट दिलं, दंडातून गार काहीतरी वर चढत गेलं. नंतर दहा मिनिटं थांबून परत चित्रं. निरोगी स्नायूतून ते औषध निघून जातं, वण असेल तिथे ते साचून राहतं आणि पांढरं दिसतं. त्या दहा मिनिटांत मी काय काय पांढरं करून पाहिलं ते लिहीत नाही.

रिपोर्ट सोमवारी आला. वण नाही. सूज नाही. ईएफ ६१. मॅडमनी रिपोर्टवर न थांबता सीडी मागितली आणि चित्रं स्वतः बघितली, तेव्हा सीडी मागून घ्याच, ती आपण होऊन देत नाहीत. मग त्यांनी धावायची परवानगी दिली ती अशी: आधी चालणं, ते जमलं की हळू पळणं, तेही सकाळी सहाच्या आत आणि एकट्यानं नाही. सर्दी-ताप-जुलाब असताना अजिबात नाही. एमआरआय साफ आला म्हणजे उन्हाशी पुन्हा पैज लावायचा परवाना नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तोवर नाशकात पाऊस सुरू झालाच होता.

क्लेम मंजूर झाला, सुई-कापसाचे पैसे कापून. कंपनीच्या डॉक्टरांनी जाड फाईल हातात तोलली, मॅडमच्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि सही केली. राहिला रजेचा अर्ज. तो आता कॉम्प्युटरवर भरतात. एचआरमधल्या मुलानं आजाराची यादी उघडली, वरपासून खालपर्यंत गेला, परत वर आला.

"सर, यात उष्माघात नाहीये. ताप टाकू का?"

टाक, म्हटलं.