फ्लेमिंगोची टाच

नेरुळमधल्या एका सोसायटीची कुंपणभिंत, 24 फूट लांब आणि 10 फूट उंच. तिच्यावर पाच फ्लेमिंगो काढायचे होते. चित्र सोसायटीने आधीच मंजूर केलेलं, कुणीतरी नेटवरून उतरवून घेतलेलं. प्रायमर आदल्या दिवशी मारून झाला होता. सकाळी सातला भिंतीवर रंगाच्या सुताने एक-एक फुटाच्या चौकटी मारल्या, मूळ चित्रावर एक-एक इंचाच्या चौकटी आखल्या आणि पोरं कोळसा घेऊन परांचीवर चढली. नऊपर्यंत तीन पक्षी उठले. रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं, तर मधला पक्षी खुर्चीत बसायला निघाला होता.

कागदावर हे कुणाच्या नजरेला खुपलं नव्हतं. आठ इंचांचा पक्षी आठ फुटांचा झाला की खोट लपत नाही. उचललेल्या पायाचा सांधा चोचीच्या बाजूला वळवला होता, माणसाच्या गुडघ्यासारखा.

“सर, सांधा मागे फिरवला की झालं ना?” एका पोराने विचारलं.

तेवढ्याने होत नाही. तसं केलं की पक्ष्याचा गुडघा उलटा वाकतो हा समज तसाच राहतो आणि पाय पोटाला भलत्याच जागी चिकटतो. तो गुडघा नव्हेच. तो घोटा, आणि मागे आलेलं टोक म्हणजे टाच.

शिडीच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं, ते उठून आळस देईपर्यंत थांबलो. त्याच्या मागच्या पायाला जमिनीपासून वीतभर वर जो कोन मागे येतो, ती त्याची टाच. गुडघा वर, पोटाच्या कातडीपाशी, आणि तो पुढेच वाकतो. कुत्रा चालतो बोटांवर. गाय दोन बोटांच्या खुरांवर उभी असते, घोडा एकाच. मागच्या पायाचा क्रम सगळ्यांचा सारखा: खुबा, पुढे गुडघा, मागे टाच, पुढे बोटं. लांबी तेवढी बदलते. (पुढच्या पायाचा हिशोब वेगळा. गायीचा ज्याला आपण पुढचा गुडघा म्हणतो ते तिचं मनगट. कोपर छातीला लागून असतं. पण भिंतीवर गाय नव्हती, म्हणून तो विषय तिथेच सोडला.)

मधल्या पक्ष्याचे पाय पुसले आणि हाडं आतून काढायला घेतली. आधी धडाचं अंडं. खुबा मागच्या तिसऱ्या भागात. तिथून मांडीचं आखूड हाड जवळजवळ आडवं पुढे आणायचं. हे पिसांखाली पूर्ण दडलेलं असतं, म्हणूनच बहुतेकांच्या चित्रातून गळतं. गुडघा पोटाच्या कडेला, साधारण धडाच्या मध्यावर. तिथून नडगी खाली. मांडी गाळून नडगी थेट खुब्यातून काढली की पाय शेपटीखाली जातो आणि पक्षी तोंडावर पडेल असा दिसतो, कारण सगळं वजन पुढे राहतं. नडगी पिसांतून बाहेर आली की टाच, उघड्या पायाच्या मध्याच्या जरा वर. तिच्याखालचा लांब दांडा म्हणजे तळपायाची एकत्र जुळलेली हाडं. जमिनीला टेकतात ती बोटंच: पुढची तीन, त्यांच्यामध्ये पडदा, मागचं एक अगदी बारीक. उचललेल्या पायात टाच शेपटीकडे जाते, दांडा पुढे दुमडतो आणि पंजा पोटाखाली येतो.

डावीकडचा पक्षी एका पायावर उभा, समोरून दिसणारा. त्याचा पाय धडाच्या कडेतून सरळ खाली सोडला होता. ओळंबा लावून दाखवला: पंजा धडाच्या बरोबर मध्याखाली यायला हवा, म्हणजे पाय किंचित आत कलतो. 2017 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की मेलेला फ्लेमिंगोसुद्धा एका पायावर स्नायूंच्या जोराशिवाय उभा राहतो, पण पाय तसा आत कलला तरच. दांडा सहा इंच आत सरकवला आणि पक्षी स्थिर झाला.

मान ही त्या दिवसाची खरी डोकेदुखी. सगळ्यांनी ती पाण्याच्या पाइपसारखी वळवली होती. फ्लेमिंगोच्या मानेत 19 लांबट मणके असतात, त्यामुळे वळण गुळगुळीत न येता जरा कोनदार येतं. पाइपऐवजी सायकलची चेन डोळ्यासमोर आणा. लांबी तपासायला सुतळी पुरते: मानेच्या वळणावरून ती लावायची, मग मानेच्या बुडापासून पंजापर्यंत ताणायची. पोहोचली नाही तर तो पक्षी उपाशी मरेल, कारण त्याला उभ्याने चिखलापर्यंत डोकं न्यायचं असतं. दोन माना फूटफूटभर आखूड निघाल्या.

चरणाऱ्या पक्ष्याचं डोकं आधी सरळ काढून ट्रेसिंग पेपर उलटा केला. खाताना वरची चोच खाली येते आणि टोक पायांकडे वळतं. चोचीचा बाक मध्यावर. पोपटासारखा टोकाला आकडा नको. खालचा जबडा जाड, वरचा झाकणासारखा पातळ.

मंजूर चित्राने आणखी एक घोळ केला होता: अंग मोठ्या रोहिताचं (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच, मोठा आणि छोटा या त्याच्या दोन जाती), फिकट, चोच छोट्या रोहिताची, काळपट लाल. मोठ्याची चोच गुलाबी, टोक तेवढं काळं. उंचीही मोठ्याची दीड मीटरपर्यंत जाते, छोट्याची 80-90 सेंटिमीटर. एकाच जमीनरेषेवर मोठा आठ फुटी घेतला तर छोटा पाच फुटांच्या आसपास हवा. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना पटेना. “सगळे सारखेच दिसतात हो,” म्हणाले. भरतीची वेळ होती. भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी सीवूड्सच्या तलावावर येऊन बसतात. दुर्बीण घेऊन काकांनाच तिकडे नेलं. तासाभराने परतल्यावर तीन मोठे, दोन छोटे असं ठरलं. पंख मिटलेल्या पक्ष्यावरचे काळे पट्टेही त्यांनी स्वतःहून पुसायला लावले; ती पिसं पंख उघडल्यावरच नीट दिसतात.

जुन्या रेघांवर एकाने तसाच पांढरा रंग मारला होता. कोळसा रंगात कालवला जाऊन करडा डाग पडतो. आधी कोरड्या फडक्याने झटकायला हवा होता. मधल्या पक्ष्याच्या पुढ्यात त्या जुन्या गुडघ्याचं भूत राहिलं. तो भाग वाळू दिला, पुन्हा प्रायमर मारला, आणि त्या पक्ष्याचा गुलाबी रंग दुसऱ्या दिवसावर गेला.