जर्मनीत रविवारी कांदे संपले तर

इथे रविवारी दुकानं बंद असतात, हे एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल. जर्मनीच्या पश्चिम टोकाच्या आखेन शहरात शिकायला आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात घरी फोन करून हेच रडगाणं गातो. पण रविवारला जोडून सोमवारी सुट्टी आली की जे होतं, ते प्रकरण वेगळंच. परवा फिंग्स्टनची सुट्टी होती, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण. शनिवारी संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये उद्यापासून कर्फ्यू लागणार असल्यासारखी झुंबड. आणि रविवारी सकाळी कोलोनला राहणाऱ्या चौघा मित्रांचा मेसेज: 'गाडीत बसलोय, कांदेपोहे कर.' घरात पोहे होते, कांदे नव्हते.

मग इथले बरेच विद्यार्थी करतात तेच केलं. दुसऱ्या देशात गेले. ऐकायला भारी वाटतं, पण नेदरलँड्समधलं फाल्स हे गाव आमच्या कॅम्पसच्या अगदी पलीकडे आहे. सीमा म्हणजे रस्त्याच्या कडेला एक निळी पाटी. बहुतेकदा कुणी काही विचारत नाही, तरी मी आपलं जर्मनीत राहण्याच्या परमिटचं कार्ड जवळ ठेवते. तिथलं सुपरमार्केट रविवारी मस्त उघडं असतं. कांदे, दूध, दही, आणि आपल्याकडे भाजीवाला फुकट देतो तेवढी कोथिंबीर प्लास्टिकच्या डबीत, पैसे मोजून. रांगेत माझ्या पुढेमागे सगळे जर्मनच! स्वतःच्या देशात रविवार पाळायचा आणि खरेदीला शेजारी जायचं, हे मला अजूनही पटत नाही.

दुपारी सगळ्यांना घेऊन फाल्सच्या डोंगरावर गेलो. डोंगर म्हणायचं आपलं. उंची 322 मीटर, आणि तरी युरोपातल्या नेदरलँड्सचं ते सर्वोच्च ठिकाण. पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, त्यामुळे आमच्यातल्या कोथरूडकराने तिथे जे भाषण ठोकलं ते इथे लिहीत नाही. वर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम या तीन देशांच्या सीमा एका दगडापाशी मिळतात. एके काळी इथे चार होत्या. जस्ताच्या खाणीवरून भांडण मिटेना, म्हणून 1816 मध्ये मोरेस्नेट नावाचा एक चिमुकला तटस्थ प्रदेश आखला आणि तो थेट 1920 पर्यंत तसाच राहिला. आम्ही दगडाभोवती फेऱ्या मारून फोटो काढले.

खरा वाद परतताना झाला. चौघांचं म्हणणं, ही रविवारची भानगड म्हणजे निव्वळ मागासलेपणा. पूर्वी मीही हेच म्हणायचे. पण हा नियम कुणा नगरसेवकाच्या लहरीवर चाललेला नाही, तो घटनेत आहे. 1919 च्या वायमार घटनेतलं, म्हणजे जर्मनीच्या आधीच्या घटनेतलं, कलम 1949 च्या घटनेत जसंच्या तसं घेतलं: रविवार विश्रांतीचा, त्याला कायद्याचं संरक्षण. बर्लिनने नाताळआधीचे चारही रविवार दुकानं उघडायला परवानगी दिली होती, तर चर्चवाले कोर्टात गेले आणि 2009 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. आमच्या गल्लीत काचेच्या बाटल्या टाकायचा हिरवा पिंप आहे, त्यावरसुद्धा रविवारी बाटली टाकू नये असं लिहिलंय. का, तर खळ्ळकन आवाज होतो.

आणि रविवारची सुट्टी ही काही गोऱ्यांनी आपल्याला दिलेली भेट नाही बरं का. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती वर्षानुवर्षं मागितली, तेव्हा कुठे 1890 मध्ये मिळाली. हे मी बसमध्ये तावातावाने सांगितलं. त्यावर एकाने विचारलं, "मग तुझ्या अण्णांचं दुकान रविवारी बंद असतं का?"

नसतं. आमचं किराणा दुकान सकाळी सातला उघडतं ते रात्री साडेनऊपर्यंत, आणि लक्ष्मीपूजनाला तर जास्तच वेळ. माझ्या शाळेच्या एकाही गॅदरिंगला अण्णा आले नाहीत. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, दुकान म्हटलं की असंच असतं. आता इथे रविवारी आखेनच्या जंगलात बापलेक एकाच सायकलवर दिसतात, सुपरमार्केटमध्ये शनिवारी माझं सामान स्कॅन करणारी बाई कुत्र्याला घेऊन निवांत चालताना दिसते, आणि मला उगाच राग येतो. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. पण हेही खरं की रात्री अकराला शेजारच्या घरी ताप चढला आणि साबुदाणा लागला, तर अण्णा शटर अर्धं वर करून देतात. इथे तशा वेळी पेट्रोल पंप गाठायचा आणि दुप्पट पैसे मोजायचे.

अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. लोखंडे, कोर्ट, बाटल्यांचा पिंप, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आणि तू रविवारी सकाळी बेकरीत जातेस ती कशाला?"

बेकऱ्यांना रविवारी काही तास मुभा असते, शिवाय रविवारचा जादा भत्ता मिळतो आणि तो करमुक्त असतो. भाड्याचे पैसे तिथूनच निघतात. मी म्हटलं, "अहो अण्णा, त्याबदल्यात आठवड्यात दुसरा दिवस सुट्टीचा मिळतो."

"कुठला?"

"बुधवार."

बुधवारी मला सकाळी आठपासून लॅब असते, ते काही मी बोलले नाही.