चवथीची फळी

फोनवर एवढंच कळलं होतं की टीव्ही भिंतीवर टांगायचा नाही, लाकडी स्टँड हवा. का टांगायचा नाही, ते घर बघायला गेल्यावर समजलं. मालवण तालुक्यातलं जुनं कौलारू घर, माजघरात मोकळी अशी एकच भिंत, आणि ती गणपतीची. दरवर्षी चवथीच्या आधी ती रंगवून घेतात, वर आढ्याला माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायचं फळापानांचं छत) बांधायचे हूक आहेत. त्या भिंतीत ड्रिल घालायला घरातली काकी तयार नव्हती. मुलगा, म्हणजे आमचे भाऊ, डोंबिवलीला असतो. त्याने पंचावन्न इंची टीव्ही आईसाठी पाठवला, तो खोक्यातच पडून होता. मग मला फोटो आला: चकचकीत पांढरं युनिट, मागे निळे दिवे, खाली कप्पेच कप्पे. "मेस्त्री, असं काहीतरी."

कुडाळजवळ माझी शेड आहे. दारं-चौकटी, देव्हारे, पाट, हल्ली किचनच्या ट्रॉल्या जास्त. त्या फोटोतलं युनिट एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांचं असतं. आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात एमडीएफच्या कडा फुगतात आणि मग ते कोणालाच दुरुस्त करता येत नाही. हे मी भाऊंना फोनवर सांगत होतो, तेवढ्यात काकीने मागच्या गोठ्याकडे बोट दाखवलं. तिथे फणसाच्या फळ्यांची थप्पी होती. मे २०२१ च्या तौक्ते वादळात परसातला फणस मुळासकट गेला. तेव्हा कोणीतरी शहाणपणाने तो गिरणीवर नेऊन दोन आणि दीड इंची फळ्या पाडून आणल्या होत्या आणि मधे पट्ट्या घालून, वर पत्रा टाकून रचून ठेवल्या होत्या. इंचाला एक वर्ष हा आमचा ढोबळ हिशोब. फेब्रुवारी २०२४ म्हणजे दोन इंची फळीसुद्धा सुकलेली. मीटर लावला तर बारा-तेरा टक्के ओल. समुद्राजवळच्या गावात हवेवर वाळवलेलं लाकूड याहून फार खाली येत नाही.

निळे दिवे तिथेच संपले. फणसाचं लाकूड समोर असताना पांढरं युनिट कोण करणार?

आता माप. पंचावन्न इंच हे कर्णाचं माप. टीव्ही प्रत्यक्षात साधारण १२३ सेंटिमीटर रुंद आणि ७१ उंच असतो. पाच फुटी स्टँड घेतला की दोन्ही बाजूंना जवळजवळ अर्धा-अर्धा फूट जागा उरते, टीव्ही कडेवर आल्यासारखा वाटत नाही. उंचीचा प्रश्न जास्त अवघड. शहरात सगळे सोफ्यावर बसतात, त्यामुळे डोळ्यांची उंची एकच धरून चालते. इथे काकी आणि शेजारच्या बाया चटईवर बसणार, पुरुष खुर्चीवर, आणि पोरं कुठेही. जमिनीवर बसलेल्याचे डोळे अडीच फुटांवर, खुर्चीवरच्याचे साडेतीन. मी वीस इंच उंची धरली, म्हणजे पडद्याचा मध्य तीन फुटांवर येतो. दोघांनाही मान थोडीच हलवावी लागते. भाऊंना उंच हवा होता, "मॉडर्न दिसतो" म्हणून. पण टीव्ही बघणार होती काकी.

भाराचा विचार मला पहिल्यापासून गणपतीच्याच हिशोबाने करायचा होता, कारण भिंत तीच, जागा तीच. त्यांचं आधीचं गणपतीचं टेबल वाळवीने पोखरलं होतं आणि मी मनात धरलं होतं की दहा-अकरा दिवस टीव्ही उतरवून मूर्ती याच स्टँडवर बसेल. टीव्हीचं वजन पंधरा किलोच्या आसपास, आणि हल्लीच्या टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात, म्हणजे भार जवळजवळ स्टँडच्या पायांवरच पडतो. मातीच्या मूर्तीचं उलट. ती उचलायला दोघं-तिघं लागतात, आणि सगळं ओझं एका पाटावर, अगदी मध्यावर. पाच फुटांच्या इंची फळीवर मध्ये पाऊणशे किलो ठेवले तर ती सात-आठ मिलिमीटर बसेल. फळी जाड करत जाणं हा त्यावरचा महागडा इलाज. त्यापेक्षा फळीखाली, पुढे आणि मागे, इंच जाडीची आणि चार इंच उंचीची पट्टी उभी घातली की काम भागतं. उभ्या लाकडाची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. आमच्या घरांचे वासे उभे का घालतात त्याचं उत्तर हेच. मधे पाचवा पाय मुद्दाम दिला नाही. जुन्या कोब्यावर चार पाय टेकवतानाच नाकी नऊ येतात, पाचवा एक तर लटकतो किंवा सगळ्यांना डुलवतो.

पाय अडीच इंची चौरस, पट्ट्या कुसू (टोकाला काढलेली जीभ) आणि खाच करून बसवल्या, वरून लाकडी खुंटी ठोकली. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजतात, म्हणून जिथे स्क्रू लागलेच तिथे पितळी. पट्टीखाली दोन टोकांना एकेक खण, मधे सेट-टॉप बॉक्ससाठी उघडी जागा. वायरींसाठी वरच्या फळीला भोक पाडलं नाही. फळी आणि भिंत यांच्यात दोन इंचांची फट सोडली. टीव्हीला काय, भोक चाललं असतं. पण समईचं तेल आणि अभिषेकाचं पाणी त्या भोकातून कुठे जाईल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

वरची फळी पट्ट्यांना आवळून टाकायची नाही, हे मी वडलांकडून शिकलो. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. दीड फूट रुंदीला उन्हाळा ते पावसाळा तीन-चार मिलिमीटर सहज. आवळून धरलेली फळी मग फाटते. म्हणून फळीच्या पोटाला सहा लाकडी खिट्ट्या, पट्टीच्या आतल्या अंगाला खाचा. खिट्टी फिरवली की तिचं तोंड खाचेत शिरतं, फळी दाबून धरते, पण मागे-पुढे सरकू देते. आडव्या पट्ट्यांच्या मध्यावर एकेक खुंटी, म्हणजे फळी दोन्हीकडे सारखी वाढते. खिट्ट्या सोडवल्या की फळी उचलून बाजूला. हे मी केलं ते लाकडासाठी. पुढे ते भलत्याच कामाला आलं.

मेअखेर स्टँड पोचवला. भाऊ व्हिडिओ कॉलवर. त्यांना खणांच्या बाजूची फट खटकली. "मेस्त्री, ढिला वाटतो हो. एवढी गॅप?" म्हटलं, आता उन्हाळा आहे, सप्टेंबरात बघा. काकी शांतपणे खुर्चीत बसून सगळं बघत होती. टीव्ही लागला, मालिका सुरू झाली, आणि तिने विचारलं, "मेस्त्री, चवथीक गणपती खंय बसतलो?"

मी उत्साहाने सांगायला लागलो. भार, उभ्या पट्ट्या, सगळं. तिने हाताने थांबवलं. "वर्षभर जेच्यार मालिका रडतत, तेच्यार माझो गणपती बसाचो नाय."

यावर गणित चालत नाही. भाऊ तिकडून म्हणाले, आई, धुऊन घेऊ, गोमूत्र शिंपडू. ती हलली नाही. वेगळं टेबल करायचं तर अकरा दिवसांनंतर ते ठेवायला घरात जागा नव्हती. जुनं टेबल गोठ्यात ठेवल्यामुळेच वाळवीला मिळालं होतं. मी जायला निघालो तेव्हा फक्त दाखवायचं म्हणून खिट्ट्या फिरवल्या आणि फळीचं टोक उचललं. खालचा सांगाडा उघडा दिसला. काकी उठून जवळ आली, वाकून बघितलं. "ही फळी भायर काढूक येता?" येते म्हटलं. "मग देवाची फळी येगळी कर. पाय चलतले. देव फळयेर बसता, पायांवर नाय."

असा निवाडा देवळातल्या बैठकीतही इतक्या झटपट होत नाही.

दुसरी फळी त्याच झाडाची. माप घेण्यासाठी मात्र गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जावं लागलं, कारण पाट तिथे होता. आमच्याकडे घरचा पाट शाळेत नेऊन देतात आणि मूर्ती त्या पाटावरच घडते. श्रावणात शाळेत पाऊल ठेवायला जागा नव्हती. काकीच्या सांगण्याप्रमाणे पाट "दीड फुटी" होता. टेप लावला तर वीस इंच खोल. म्हणून देवाची फळी टीव्हीच्या फळीपेक्षा चार इंच जास्त रुंद केली, खुंट्यांची भोकं पहिल्या फळीवरून काढलेल्या फर्म्यावर पाडली. टीव्हीच्या फळीला मेलामाईन पॉलिश होतं, हिला फक्त बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल), दोन्ही अंगांना सारखं. एकाच बाजूला लावलं तर फळी पोट काढते.

६ सप्टेंबर, हरतालिका. दुसऱ्या दिवशी चवथ. पाऊस असा की टेम्पोचा वायपर असून नसल्यासारखा. फळी प्लॅस्टिकात गुंडाळून नेली. घर चाकरमान्यांनी भरलेलं, अंगणात बॅगा, पडवीत माटवीच्या सामानाचा ढीग: कवंडळं, हरणं, नारळ, आंब्याचे टाळ. भिंत ताज्या रंगाची. मी पोचलो आणि लाईट गेली. मशीनचं काही काम पडलं तर काय, असा विचार मनात आला, पण सोबत रंधा आणि पटाशी होती, त्यामुळे फार काळजी नव्हती.

आधी खण ओढून बघितले. मे महिन्यातली फट जवळजवळ मिटली होती, खण अलगद सरकत होते. भाऊ तिथेच उभे होते. मी काही बोललो नाही, त्यांनीच खण दोनदा ओढला आणि बंद केला.

टीव्ही उतरवला, खिट्ट्या सोडल्या, जुनी फळी पडवीत दोन घोड्यांवर. टीव्हीची वेगळी सोय करायचीच होती, कारण रात्री भजनानंतर पोरांना तो लागतोच. नवी फळी दोन्ही खुंट्यांवर टेकली, पण एक खिट्टी फिरेना. पट्टीची खाच पावसाने केसभर आवळली होती. पटाशीचा एक हात मारला, बसली.

नव्या फळीचा रंग मात्र जुन्या सांगाड्याशी जुळत नव्हता. फणसाचं लाकूड ताजं रंधलं की पिवळंधमक असतं, उजेडात हळूहळू तांबूस-तपकिरी होत जातं. तीन महिन्यांत सांगाडा उतरला होता, फळी मात्र लखलखत होती. (पूर्वेकडच्या देशांत बौद्ध भिक्खूंची चीवरं याच लाकडाच्या रंगात रंगवत आले आहेत.) भाऊ म्हणाले, स्टेन मारून मॅच करता येईल का? काकी समया पुसत होती. "बरी दिसता, हळदीसारखी. रंग लावू नको."

आता भार बघायचा होता. गणित कागदावर बरोबर होतं, पण उद्या मूर्ती ठेवल्यावर शंका काढायची सोय नाही. मी पुढच्या पट्टीखाली एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत सूत ताणून बांधलं, मध्यावर पट्टी आणि सुतातलं अंतर मोजलं, आणि भाऊंच्या एका धडधाकट पुतण्याला म्हटलं, बस बघू मध्यावर. तो बसतो न बसतो तोच स्वयंपाकघराच्या दारातून आवाज: "उठ रे! देवाची फळी ती, तुझो सोफो नाय!"

तो उडालाच. घरातले सगळे हसले, मीही. मग भाराला काय ठेवायचं? दगड चालणार नाहीत, सिमेंटचं पोतं तर विचारायचंच नाही. काकीनेच आतून सांगितलं, "तांदूळ चलतत." चवथीसाठी आणलेली पंचवीस किलोची तीन पोती ओळीने मध्यावर रचली. स्टीलची पट्टी धरून वाकलो. दीड मिलिमीटर. माझा हिशोब सव्वाचा होता. सांध्यांनी थोडं अंग टेकलं असणार. पोती तशीच ठेवून चहा घेतला, पुन्हा मोजलं, तेवढंच. पोती काढल्यावर पट्टी जागेवर.

संध्याकाळी पाऊस जरा ओसरल्यावर मूर्ती आणायला माणसं गेली. मी थांबलो, खरं तर निघायला हवं होतं, घरी माझाही गणपती होता. मूर्ती आली, वर प्लॅस्टिक, पुढे पेट्रोमॅक्सच्या जागी आता मोबाईलच्या बॅटऱ्या. चौघांनी पाट धरला आणि फळीवर टेकवला. पाटाच्या पुढे बोटभर, मागे बोटभर फळी उरली. माझं लक्ष मूर्तीकडे कमी आणि सुतावर जास्त, ते अजून सोडलेलं नव्हतं. सुताला ढिम्म वाटलं नाही. काकीने ते बघितलं आणि म्हणाली, ता दोरी काढ आधी. काढली.

पैशांच्या वेळी थोडी गंमत झाली. भाऊ दोन्ही फळ्यांचे मिळून द्यायला लागले, तर काकीने देवाच्या फळीचे स्वतःच्या बटव्यातून मोजून दिले. टीव्हीचे पैसे मुलाचे, देवाचे तिचे. मी दोन वेगळ्या पावत्या केल्या.

विसर्जनानंतर ती फळी माळ्यावर कशी ठेवायची, तेही सांगून आलो: उभी टेकवायची नाही, आडवी, तीन सारख्या पट्ट्यांवर, प्लॅस्टिकात नाही तर जुन्या धोतरात, दोन्हीकडून हवा लागली पाहिजे. आता त्याच वाडीतून आणखी दोन घरांनी असाच स्टँड मागितला आहे. एकाचं काम सरळ आहे. दुसऱ्याकडे पंचाहत्तर इंची टीव्ही आहे, म्हणजे साडेपाच फूट रुंद, आणि गणपतीच्या भिंतीच्या एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला खिडकी. दार हलवू म्हणतात. मी म्हटलं, आधी आईला विचारा.