एक अंश तिरकी फुलं

घरी शिलाईकाम करते, तेव्हा एरवी कापड टेबलावर आलं की अर्ध्या तासात कात्री चालू होते. त्या दिवशी सकाळी नऊला पसरलेल्या कापडाला दुपारी दोनपर्यंत मी कात्री लावली नव्हती.

कापड सुती, पन्हा म्हणजे रुंदी ११० सेंटिमीटर, लांबी तीन मीटर. गडद निळ्यावर केशरी फुलं, एकेक फूल चांगलं पंचवीस सेंटिमीटरचं. सगळे देठ खालच्या बाजूला, त्यामुळे तुकडे उलटसुलट बसवून कापड वाचवायची सोय नाही. माझी एक गिऱ्हाईक ते फ्रॉकसाठी घेऊन आली, तेव्हा तिच्या मनात आठ कळ्यांचा प्रिन्सेस कट होता, म्हणजे आठ उभे तुकडे जोडून अंगाबरोबर बसवलेला. "ताई, कंबरेत घट्ट बसला पाहिजे."

मी नाही म्हटलं नाही. कापड डमीवर टाकलं आणि जिथे शिवणी येणार तिथे चिमट्या घेऊन टाचण्या लावत गेले. छातीवरच्या फुलाचे तीन तुकडे झाले, पोटावरच्याचं नुसतं केशर उरलं. ती जरा वेळ बघत राहिली. "हे फूल राहिलंच नाही की."

अशा वेळी मला माइया इसोला आठवते. फिनलंडच्या मारिमेक्को या कापड-कपड्यांच्या कंपनीसाठी १९६४ साली तिने 'उनिक्को' ही पॉपीची थोराड फुलं काढली. त्या कंपनीचे त्या काळातले फ्रॉक सरळ, सैल, टक्स (कपडा अंगाला बसवायला शिवलेल्या चिमट्या) अगदी मोजके. बोलायचं काम कापडाकडे, शिवणीने मधे पडायचं नाही. मला ते मनापासून पटतं. तिलाही पटलं, आणि आमचं ठरलं: गुडघ्यापर्यंतचा, खाली रुंद होत जाणारा बिनबाह्यांचा ए-लाइन फ्रॉक, पुढचा भाग अख्खा, मागचा अख्खा, चेन पाठीवर न लावता डाव्या बाजूच्या शिवणीत.

सुती कापड मी धुतल्याशिवाय बेतत नाही. धुऊन, वाळवून, इस्त्री करून मोजलं तर तीन मीटरचे २९१ सेंटिमीटर झाले होते. ते अपेक्षितच होतं. मग टोक सरळ करायला एक आडवा धागा ओढून काढला आणि त्या रेषेवर पट्टी ठेवली, तेव्हा पोटात गोळा आला. फुलांची रांग पट्टीबरोबर चालतच नव्हती. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ती दोन सेंटिमीटर खाली उतरत होती. छपाईच्या वेळी कापड यंत्रात तिरकं ओढलं गेलं असणार. धुतल्यावर धागे आपल्या जागी परतले आणि फुलं तिरपी झाली. आता उरेब, म्हणजे तिरकं, ओढून किंवा वाफ देऊन काही होणार नव्हतं, धागा सरळच होता.

पाच तास गेले ते इथे. शिकताना पहिला नियम हाच शिकलेला, की उभ्या धाग्याला धरून बेतायचं, नाहीतर कपडा अंगावर फिरतो. पण धागा धरला असता तर खालच्या घेराशी फुलं एका बाजूला कललेली दिसली असती, आणि माणूस धागा बघत नाही, फुलं बघतो. ११० ला दोन म्हणजे साधारण एक अंश. साध्या विणीच्या सुती कापडात, सैल कटमध्ये, एवढ्याने लोंबण बिघडत नाही. मी फुलं धरली. हाच तिरकेपणा पाच सेंटिमीटर असता तर कापड तिला परत केलं असतं, आणि का ते समजावून सांगितलं असतं.

काठाजवळून मोजलं तर तेच फूल ६२ सेंटिमीटरवर पुन्हा येत होतं; धुण्याआधी ते ६४ वर असणार. फिरत्या जाळीदार नळकांड्यांनी छापलेल्या कापडात ६४ हा आकडा नेहमी भेटतो, कारण नळकांड्याचा घेर बहुधा तेवढाच असतो. माझे पुढचा-मागचा दोन्ही भाग १०५ सेंटिमीटर लांब. पुढचा बेतला की तीच फुलं मिळायला मागच्याची सुरुवात थेट १२४ वर, म्हणजे शेवट २२९ वर. वरखाली सरकायला ६२ सेंटिमीटरची मोकळीक होती, म्हणून जीव भांड्यात पडला.

कापड दुहेरी घडी करून कापायचं नाही, हे अशा कापडात मी कधीच सोडत नाही. खालच्या थरात काय कापलं जातंय ते दिसत नाही. पूर्ण ड्राफ्ट, म्हणजे कापायचा नमुना, पारदर्शक कागदावर उतरवला आणि तो फुलांवरून फिरवत राहिले. छातीच्या टोकावर फूल नको, दोन्ही बाजूंना सारखी दोन तर मुळीच नकोत. शेवटी एक फूल डाव्या खांद्याखाली आलं, दुसरं उजव्या मांडीवर. मग कात्री लावली. कापलेला पुढचा भाग उरलेल्या कापडावर सुलट ठेवून, पाकळ्या जुळवून मागचा आखला. जुळणी बघायची ती शिवणीच्या रेषेवर. शिवणीसाठी सोडलेली दीड सेंटिमीटरची माया आत जाणार हे विसरून कापलेल्या कडा जुळवल्या की सगळी मेहनत वाया जाते.

छातीचा टक बाजूच्या शिवणीत, मुंढ्याखाली (बाहीच्या गोलाईखाली) सात सेंटिमीटरवर होता. त्याच्या वर जुळणी तुटतेच, पण तो भाग हाताखाली झाकला जातो. टकापासून खाली कंबरेपर्यंत मात्र मला पाकळी अखंड हवी होती. उजवी बाजू पहिल्यांदा शिवली तेव्हा ती चार मिलिमीटर घसरली. मशीनचे दाते खालचा थर जरा जास्त पुढे नेतात, टाचण्या पुरत नाहीत. उसवलं. मग पुढच्या भागाची माया आत दुमडून ती मागच्या भागावर ठेवली, सुलट बाजूने बघत कच्चा टाका घातला आणि त्यावर शिवण मारली.

चेनची बाजू सर्वांत अवघड. एक पट्टी शिवून चेन बंद केली, फुलाच्या कडा जिथे जिथे येत होत्या तिथे दुसऱ्या पट्टीवर खडूने खुणा केल्या, चेन उघडून त्या खुणांवर दुसरी बाजू कच्ची घातली. पुन्हा बंद करून पाहिलं, मगच शिवली.

संध्याकाळी ती आली. फ्रॉक हातात घेऊन तिने पाठ पाहिली, आत हात घातला, पुन्हा पाठ पाहिली.

"ताई, चेन लावायची राहिलीय का?"

मी तिचं बोट धरून डाव्या बाजूच्या पाकळीवर ठेवलं.